माझ्यासमोर जेव

मंगळवार, दुपार

ती. ताईस,
धाकटीचा नमस्कार. घरात फोन असताना हिला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं म्हणशील. फोनवर तू "काय घेतलंस आज?" विचारतेस, मी "ठरलेलं तेच" म्हणते आणि मग दोघी हवापाण्यावर येतो. म्हणून लिहितेय.

खाली दुकानात सायकलींची रीघ लागलीय, शाळा सुरू झाल्यात ना. ह्यांचे हात कोपरापर्यंत काळे असतात. मागच्या खिडकीची काच एकदाची बसली. माझं म्हणशील तर आतड्याची सूज आहेच, आणि एके ठिकाणी वाट इतकी अरुंद झालीय की घट्ट अन्न पुढे सरकत नाही. तेवढा तुकडा कापायचाय. पण सर्जन म्हणतात, अशा काडीसारख्या अंगावरची जखम भरणार नाही, आधी वजन वाढवा. तोवर फक्त भुकटीचं पेय. वास व्हॅनिलाचा, चव खडूची.

ते मला संपत नव्हतं. खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचं, ग्लास अर्धा व्हायचा आणि काट्यावरचा आकडा हलायचं नाव घेत नव्हता.

आणि घर बघ. माझ्यासमोर खायचं नाही, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. लेक कॉलेजातूनच खाऊन यायची, ओठ पुसत. जेवणाच्या टेबलावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. भेटायला आलीस तेव्हा तू तर कहरच केलास. "तू खात नाहीस तर मीही नाही," म्हणालीस आणि दुसऱ्याच दिवशी चक्कर येऊन पडलीस. मीच उठून तुला सरबत पाजलं. रोगी कोण आणि पाहुणी कोण, हे शेजारणीला कळेना. त्यानंतर तू आली नाहीस. मीही बोलावलं नाही.

मागच्या वेळी दवाखान्यात आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, ग्लास कुठे बसून घेता, सोबत कोण असतं? मला हसूच आलं. सोबत कोण असणार? घरी आले तर जिन्यात परतलेल्या कांद्याचा वास. तशीच दुकानात शिरले. हे टायरांच्या मागे खोक्यावर बसून जेवत होते. मला पाहताच ताटलीवर वर्तमानपत्र ओढलं.

"अहो, लपवता काय? मी काय हिसकावून घेणार आहे?"

"तुला त्रास होईल."

"त्रास वर एकटीला होतो."

मी माझा ग्लास खाली घेऊन आले आणि समोर बसले. हे आधी लाजत जेवले, मग एका गिऱ्हाइकाची गोष्ट सुरू झाली. त्यानं नवी सीट बसवून घेतली आणि घरी जाताना सवयीनं जुन्या सीटची, दुसऱ्याचीच सायकल आपली समजून नेली. तोंडात घास, वर हातवारे. मी हसत होते. ग्लास कधी रिकामा झाला कळलं नाही.

आता टेबलावरचे कपडे हटलेत. संध्याकाळी तिघं बसतो, ते दोघं जेवतात, मी पिते. खोटं कशाला बोलू, पावाची कडक कड दिसली की जीव तुटतो. पण ते सोसतं. काल वजन हवं तेवढं भरलं. बाईंनी पायावर बोट दाबून पाहिलं, सुजेचं पाणी नाही ना म्हणून. नव्हतं. अंगच भरतंय म्हणाल्या. सर्जननी पुढच्या महिन्यातली तारीख दिलीय.

मला भीती वाटते, ताई. ह्यांच्यासमोर मी मोठी शूर असते, म्हणून तुला सांगते. टेबलावर सगळे असले तरी एक खुर्ची रिकामी असते आणि माझं लक्ष तिथेच जातं. तू भरल्या तोंडानं बोलायचीस, आई रागवायची, तू आणखी बोलायचीस. माझ्या पानातलं उचलून खायचीस. तेव्हा मी भांडायचे. आता वाटतं, कुणीतरी उचलावं.

ऑपरेशनच्या आधी ये. सोबत फळं, औषधं, काही आणू नकोस. उपास तर अजिबात करू नकोस. फक्त भूक घेऊन ये, आणि माझ्यासमोर पोटभर जेव.

तुझ्या घासांची वाट पाहणारी,
धाकटी