मशीन ठणठणीत आहे

२ फेब्रुवारी
पेसमेकर तपासून आलो. मशीन ठणठणीत! बॅटरीही अजून शिल्लक आहे म्हणे. बारा वर्षांपूर्वी दाढी करता करता गिऱ्हाइकाच्या अंगावर कोसळलो होतो — वस्तरा हातात! दोघेही वाचलो. त्यानंतर आजवर उभा आहे तो या डबीच्या जिवावर. तिला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

११ फेब्रुवारी
पाय सुजलेत. दिवसभर उभं राहणाऱ्या न्हाव्याचे पाय सुजणारच. मेहुणा दुकानात येऊन म्हणतो, "दाजी, आता तुम्ही खुर्चीत बसा, गिऱ्हाइकाला उभं करा." वात्रट!

१९ फेब्रुवारी
आडवं झालं की दम लागतो. उशीवर उशी रचून टेकतो. हिने स्वतःची उशीही माझ्या पाठीमागे सरकवली.

२० फेब्रुवारी
हिने दुकानाला कुलूप लावायला लावलं. दवाखान्यात मला तोंड उघडू दिलं नाही. "मशीन बरंय, मशीन बरंय — किती वर्षं ऐकायचं? मशीन बरंय, मग माणूस का बरा नाही?" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. लगेच इको काढला.

हृदयाचं पंपिंग निम्म्यावर आलंय. कारण — मशीनच! तसा त्याचाही दोष नाही. माझा प्रत्येक ठोका तेच देतं, पण त्याची तार उजव्या बाजूला. डावी बाजू मागाहून हलते. वर्षानुवर्षं अशी ओढाताण झाली की काहींचा स्नायू थकतो. माझा थकला. आता डावीकडे आणखी एक तार टाकायची, म्हणजे दोन्ही बाजू बरोबरीने चालतील. "बहुतेकांना फरक पडतो," बाई म्हणाल्या. बहुतेकांना! भीती वाटते. खरंच वाटते. हिला सोडून जायचं नाही मला.

५ मार्च
तार टाकली. डबीही नवी. खांदा ठणकतोय, पण मी आहे!

२८ जून
पुन्हा इको. पंपिंग चांगलंच सुधारलं! सूज उतरली, एका उशीवर झोपतो. आनंदाच्या भरात मेहुण्याची दाढी फुकट केली. म्हणतो, "दाजी, तार हृदयात टाकली, जीभ कशी काय जोरात चालायला लागली?" डॉक्टरीणबाईंचे उपकार, जुन्या डबीचे उपकार. पण सगळ्यात आधी हिचे. ही त्या दिवशी भांडली नसती तर मी पायांनाच तेल चोळत बसलो असतो. तोंडावर बोलायला जमत नाही, म्हणून इथे लिहितो.

३० जून
दोघं चढावरून बाजारात निघालो. मी चक्क पुढे! वळून पाहिलं तर ही एका दुकानाच्या पायरीवर बसलेली, छातीवर हात दाबून. मला पाहताच हात खाली. "काही नाही हो, चप्पल चावतेय."

चप्पल दोन वर्षं जुनी आहे. डॉक्टरीणबाईंकडे उद्याचा नंबर हिच्या नावाने लावलाय.