आधी सांगा, मग दाबा

सर, आज माझ्या लॅबमध्ये एका बापानं पोरीच्या कानाखाली जाळ काढला आणि मला तुमचा खोपोलीतला कॉम्प्युटर क्लास आठवला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग काही जात नाही.

तुम्ही फळ्यावर दोन चौकोन काढले होते, 'अ'मध्ये पाच, 'ब'मध्ये सात. खाली दोन ओळी: आधी 'ब'मधलं 'अ'मध्ये ठेव, मग 'अ'मधलं 'ब'मध्ये. "काय झालं?" "अदलाबदल, सर." फाडकन! "दोन्हीकडं सातच, गाढवे!" मी रडत विचारलं, "मग पाच गेला कुठं?" उलट बोलते म्हणून दुसरी बसली, डाव्या कानावर. त्या कानानं मला आजही ऐकू येत नाही. अदलाबदलीला पाच बाजूला ठेवायला तिसरा चौकोन लागतो, एवढं पाठ केलं, पास झाले आणि पुढं याच विषयाची मॅडम झाले.

आता पडद्यावर प्रोग्राम एकेक ओळ पुढं सरकतो, बाण फिरतो, चौकोनातले आकडे डोळ्यांदेखत बदलतात. पोरं नुसती बटण दाबत सुटतात, म्हणून मी दर ओळीला अडवते: आधी सांगा, मग दाबा. आज त्याच दोन ओळींवर साजगावची एक पोरगी चुकली. नापास होते म्हणून तिचं कॉलेज बंद करायला आलेला बाप शेजारीच उभा. तिनं बटण दाबलं, पाच पुसला, सात बसला. ती पडद्याकडं बघतच राहिली. "मॅडम, पाच गेला कुठं?"

"एवढं पण कळत नाय गं तुला?" त्यानं हाणली. "तुमीपण हाना, मॅडम. तुमी मार खाऊनच शिकला ना? तुमीच बोललेलात गॅदरिंगला."

बोलले होते, सर. दरवर्षी बोलते, टाळ्या पडतात. मी त्याचं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत. मोडून टाकावंसं वाटत होतं. "परत हात उचललात तर पोलीस बोलवीन! बरोबर विचारलंय तिनं." तो तिला ओढत, शिव्या घालत निघून गेला. ती परत येईल की नाही, देव जाणे.

हे काही कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तुमच्या मारानं मला काडीचंही आलं नव्हतं. कळलं ते मॅडम झाल्यावर, रिकाम्या लॅबमध्ये त्या बाणामागं डोळे फिरवत. उद्या साजगावला त्याच्या दारात जाऊन हे सांगणार आहे. आज नाही जमलं, सर. सगळा वर्ग बघत होता, आणि 'मलाही येत नव्हतं' असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.