गोजराचं राहून गेलेलं हसू

मी, अभय डेक्लन डोनेगन, वय ६७, जन्माने व पासपोर्टाने आयरिश, बोलण्याने मराठी, धंदा स्वतःचे चित्रपट करणे व दुसऱ्यांच्या चित्रपटांत मरणे, राहणार कोपरखैरणे, नवी मुंबई, आज पूर्ण शुद्धीवर असताना व कुणीही गळ घातलेली नसताना हे लिहून ठेवत आहे. यकृत निकामी झालं आहे, डोकं शाबूत आहे; डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. पडद्यावर मात्र एकोणतीस वेळा मेलो आहे.

१. राहतं घर माझी आई सुचित्रा हिने घेतलेलं. ती आयर्लंडमध्ये कॉर्कच्या इस्पितळात नर्स होती. माझे वडील तिथे सिनेमाघरात मशीन चालवायचे. ते वारल्यावर मला, पाच वर्षांच्या पोराला घेऊन ती परत आली. हे घर मी माझी एकुलती एक मुलगी अस्मिता हिला देतो. वकीलबाई म्हणाल्या, "काही अट घालायची का?" अट नाही. तिने इथे पाऊल टाकलं नाही तरी घर तिचंच.

२. खाकी गणवेश, बूट व वेताची छडी कोपरखैरण्याच्या हौशी नाटकमंडळीला द्यावी. माझा हा रंग बघून सगळ्यांनी मला इंग्रज साहेबच केलं. आयरिश माणसाला इंग्रज म्हणून इतक्या वेळा गोळ्या घातल्या, हे वडिलांना कळलं असतं तर ते पोट धरून हसले असते. एका मालिकेचा निर्माता मला सारखा म्हणायचा, "साहेब, तुमचं मराठी फार चांगलं आहे, जरा मोडकं बोला." त्याला मी माझं सगळं मोडकं मराठी परत करतो. त्याने ते जपून वापरावं.

३. चावी देऊन चालणारा सोळा एमएमचा कॅमेरा कुलदीप बनसोडे याला. माझे चारही चित्रपट त्याने चित्रित केले. पहिला कॉर्कमध्ये, वडिलांच्या कबरीवर. तिथल्या वर्तमानपत्राने मला भारतीय दिग्दर्शक म्हटलं, इथल्याने परदेशी. हक्काने घरचा म्हटलं ते फक्त कुलदीपने. त्याला या कागदावर साक्षीदार व्हायचं होतं, पण ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाईंनी सांगितलं. रुसू नकोस रे.

४. 'सुकती', म्हणजे ओहोटी, या माझ्या चित्रपटाची प्रिंट व निगेटिव्ह अस्मिताला. तिने तो आजवर पाहिलेला नाही. का, ते मी इथे लिहितो, कारण तोंडाने मला ते कधीच सांगता आलं नाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मरणाचा शॉट झाला की मेलेल्याने उठून कॅमेऱ्यात बघून एकदा हसायचं, म्हणजे मरण खोटं ठरतं. मी एकोणतीस वेळा हसलो. निर्मात्याचं रीळ, माझं काय जात होतं?

'सुकती'मध्ये नट ठेवायची ऐपत नव्हती. मी नवरा झालो आणि माझी बायको गोजरा, करावे गावची कोळ्याची लेक, माझी बायको झाली. मे १९९७. करावेच्या खाडीकाठी तिला तिरडीवर झोपवून मी शॉट घेतला. अकरा वर्षांची अस्मिता क्लॅप धरून उभी होती. शॉट झाला तशी गोजरा म्हणाली, "अवो, आता मना हसाचा हाय. तेवरा घ्या ना."

रीळ शेवटच्या काही फुटांवर आलं होतं. समोर खाडीचं पाणी ओसरत होतं, एक होडी परतत होती, मला ती हवी होती. मी म्हणालो, "असली खुळं माझ्या सेटवर नकोत." आणि कुलदीपला कॅमेरा खाडीकडे वळवायला लावला. मागून अस्मिता ओरडत होती, "पप्पा, आई हसतेय! इकडे घ्या ना!"

मी वळून पाहिलं नाही.

आठ महिन्यांनी मेंदूतली नस फुटून गोजरा गेली. नस का फुटली ते डॉक्टरांनी नीट समजावलं, मलाही ते पटतं. पण दहाव्याच्या दिवशी अस्मिताने मला विचारलं, "ते खूळ होतं, तर तुम्ही स्वतः का हसायचात मग?" ती मामाकडे राहायला गेली. आज ती खांदेश्वरला राहते. माझ्या घरापासून तासाभराची वाट, पण सत्तावीस वर्षं ती आलेली नाही. तिचं चुकलं असं मी कधीच म्हटलं नाही.

आता एक गोष्ट, जी कुलदीप सोडून कुणाला माहीत नाही. ती होडी चित्रपटात नाही. संकलनाला बसलो तेव्हा लांबण लागतेय म्हणून मीच ती कापली. तो तुकडा पत्र्याच्या लहान डबीत आहे. तोही अस्मिताला. तिने जाळला तरी चालेल.

५. गोजराचं हसू माझ्या मालमत्तेत नाही, म्हणून ते मला कुणाला देता येत नाही. ते एकट्या अस्मिताकडे आहे.

६. माझे अंत्यविधी कुलदीपने उरकावेत. मंत्र नकोत, प्रार्थना नको, कॅमेरा नको. मला हसवायला कुणी जाऊ नये.

अस्मिता, पुढचं हे कलम नाही, विनंती आहे. कायद्याने तुला ती बांधत नाही. आलीस, तर मला उचलण्याआधी माझ्याजवळ बस आणि त्या दिवशी आई कशी हसली ते एकदा सांग. मला ऐकू येईल असा माझा दावा नाही. पण त्या वेळी मी तुझ्याकडे पाठ करून उभा नसेन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि त्यात खाडाखोड केलेली नाही.

कोपरखैरणे, नवी मुंबई
१४ नोव्हेंबर २०२५

(सही) अभय डेक्लन डोनेगन

त्यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर:
१. (सही) डॉ. वैजयंती सामंत, शेजारी
२. (सही) आशुतोष गायकवाड, सेक्रेटरी, आमची सोसायटी