वहिनींच्या शाळेचा दरडोई खर्च

शनिवार, ९ मार्च

तीर्थस्वरूप वहिनींच्या चरणी कनिष्ठ दिराचा, गुडघा अनुमती देईल तितपत, साष्टांग नमस्कार.

गेले दोन रविवार मी आपल्या दारी आलो नाही आणि ‘भाऊजी आजारी आहेत का?’ अशी पृच्छा आपण दादाकरवी केलीत. म्हणून प्रथम प्रकृतीचे वृत्त निवेदन करतो. नासिका दोन दिवस वाहिली आणि स्वेच्छेने थांबली. गुडघा कुरकुरतो, परंतु आमच्या कार्यालयातील शिपायापेक्षा मर्यादेत. क्षुधा उत्तम. तात्पर्य, मी आजारी नाही. दादाला ‘सर्दी’ म्हणून सांगितले ते असत्य होते. आणि बावन्न वर्षांचा लेखाधिकारी सख्ख्या भावाशी सर्दीवरून खोटे का बोलतो, हे मुख्याध्यापिकेस समजावून सांगणे नलगे. पोटदुखीचे बहाणे आपण आयुष्यभर ऐकत आला आहात.

आधी शुभवार्ता. ‘अकरा शाळांतील दरडोई खर्च व विद्यार्थ्यांची गुणवत्ता’ हा माझा अहवाल गेल्या महिन्यात शाळा मंडळाच्या सभेपुढे आला. अकरा शाळांचे अकरा ठिपके मी आलेखावर मांडले होते. आडव्या रेषेवर एका मुलामागे होणारा खर्च, उभ्या रेषेवर वाचन-गणिताचे गुण. दहा ठिपके डासांच्या थव्यासारखे मध्यभागी घोटाळत होते. अकरावा एकटाच डावीकडे, उंचावर, ध्रुवताऱ्यासारखा अढळ! खर्च सर्वांत कमी, गुण सर्वांत जास्त. ती आपली शाळा. त्या ठिपक्याभोवती मी लाल पेन्सिलीने वर्तुळ काढले. वहिनी, सव्वीस वर्षांच्या सेवेत इतके सुबक वर्तुळ माझ्या हातून उमटले नव्हते.

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. “म्हणजे चारा कमी केला की दूध वाढतं, असंच ना हो?”

सभा हसली. मीही हसलो. हशा ओसरल्यावर ध्यानात आले, की अध्यक्ष हसलेच नव्हते.

त्या शाळेची मुख्याध्यापिका माझी सख्खी वहिनी आहे, हे मी तेथे सांगितले नाही. कोणी विचारले नव्हते, हे खरे. आणि ही सबब किती तकलादू आहे हेही खरे. पक्षपाताचा संशय नको, म्हणून नऊ वर्षे मी आपल्या शाळेची पायरी चढलो नाही. तपासणीला सहायकाला धाडत आलो आणि या निःस्पृहतेबद्दल स्वतःची पाठ स्वतःच थोपटत आलो. हात मागे पोहोचत नसतानाही.

मग तो रविवार. दादा मागच्या व्हरांड्यात रंधा मारीत होता. चहाचा कप टेकवायला जागा शोधताना मला एक उलथे बाक दिसले आणि त्याच्या पोटावर, पांढऱ्या रंगात, आमच्याच कार्यालयाचा मालमत्ता-क्रमांक!

“दादा, हे काय?”

“बाक. तुला काय, सिंहासन वाटलं?”

“मंडळाची मालमत्ता घरी कशी?”

“पाय मोडला होता, नवा बसवला. हे एकतिसावं. जरा सरक, भुसा पडेल कपात.”

आणि आतून आपला आवाज आला, “भाऊजी, मंडळाकडे मागितलं असतं तर तीन प्रतींत अर्ज, दोन सह्या, आणि बाक येईपर्यंत पोरं कॉलेजात!”

सहा वर्षे माझी समजूत अशी, की निवृत्त माणसाला सुतारकामाचा छंद जडला. तीच गत स्वयंपाकघराची. तेथे दाटीवाटीने बसलेली ती डझनभर मुले मी शेजारपाजारची समजत आलो आणि त्यांच्या चपला ओलांडून दर रविवारी आपला चहा ढोसत आलो. त्या दिवशी प्रथमच उंबऱ्यात थांबून पाहिले. दोन वेण्यांची एक चिमुरडी आपल्या नव्या कुकरचे माहितीपत्रक वाचत होती. “झा... कण... घ... घट्...” तिथे ती अडली. मी उदारपणे शब्द पुरवायला तोंड उघडले, तोच आपण हातातली सुरी माझ्यावर रोखलीत.

“भाऊजी, तिचा शब्द आहे तो. तिला सापडू दे.”

माझा चहा निवला. आपण चार गाजरे चिरलीत, घड्याळाकडे एकदाही पाहिले नाहीत. अखेर तिने वाक्य पुरे केले, “झाकण घट्ट बसल्याची खात्री करावी.” आणि मग ती उठली, ओट्याशी गेली आणि कुकरचे झाकण दोन्ही हातांनी दाबून तिने खरोखरच खात्री केली.

माझ्या उभ्या रेषेवर ‘वाचन : ९१’ असे जे लिहिले आहे, ते मी त्या क्षणी जन्मात प्रथम पाहिले.

“वहिनी, हे रोज चालतं?” मी विचारले.

“रविवारी इथे, एरवी शाळा सुटल्यावर तिथे. वाचनबाई आहे म्हणून निभतं हो. अडखळणाऱ्यांना ती रोज दोन तास घेऊन बसते. ती नसती तर ही बाराची तीस झाली असती. मग तुमचा चहा कोण करणार?”

मी कप विसळून ठेवला आणि निघालो. आपण म्हणालात, “आज एवढी घाई?” त्या घाईचे कारण आता लिहितो; तीन आठवडे ते माझ्या घशात अडकले आहे.

माझ्या त्या ठिपक्याच्या आधाराने सभेने ठराव मांडला आहे. सर्वांत कमी खर्चात उत्तम निकाल लागतो हे सिद्ध झाले असल्याने, अकराही शाळांतील वाचनबाईंचे पद रद्द करावे. आपल्या वाचनबाईंचेही. बुधवारी तो कायम व्हायचा आहे. त्याखाली आधार म्हणून माझे नाव आहे.

वहिनी, हरवलेली टाचणी हुडकून काढणारा म्हणून माझी ख्याती. आणि दर रविवारी मी नोंद न झालेल्या खर्चाच्या ऐन मध्यभागी बसून साखर कमी असल्याची तक्रार करीत होतो! आपली शाळा स्वस्त कसली? अकरांत सर्वांत महाग शाळा तीच. तिची देयके मंडळाकडे येत नाहीत, आपल्या घरी येतात, आणि आपण उभयता ती बिनबोभाट चुकती करता.

म्हणून एक याचना. आठवड्याचे किती तास आपण मुलांना देता, दादा किती देतो, फळ्या-खिळे, वह्या कोठून येतात, हे एका कागदावर लिहून सहीनिशी द्यावे. आपण म्हणाल, “त्यात काय मोठंसं?” माझ्याकडे ‘काय मोठंसं’ या शीर्षाचा रकाना नाही, आणि तो नसल्यानेच हा अनर्थ घडला. कागद दिल्यास मंडळाकडून आपल्या शाळेला मिळू घातलेले आदर्श शाळेचे मानपत्र बहुधा हातचे जाईल आणि एकतीस बाके विनापरवाना दुरुस्त केल्याचा खुलासाही मागतील. मला ठाऊक आहे, मानपत्राचे आपणास सुतराम दुःख नाही. चारचौघांत आपले कष्ट मोजले जाण्याचा मात्र संकोच आहे. तो संकोच गिळा, एवढेच मागतो. त्या दोन वेण्यांसाठी मागतो.

कागद आला वा न आला, बुधवारी अकरा वाजता मी उभा राहून अहवाल मागे घेणार आहे. नोंद नसलेला हा खर्च मला कसा कळला, असे विचारतील. तेव्हा नाते सांगावे लागेल, आणि ते इतके दिवस का लपवले तेही. खुर्ची कदाचित जाईल. सहायक तिच्याकडे फार दिवस प्रेमाने पाहतो आहे.

हे सारे समोर बसून सांगण्याचे धैर्य झाले नाही. उद्याही येत नाही. पुढच्या रविवारी यावे की नाही, ते आपण ठरवावे.

आपला,
आजवर घरापुरता, आणि बुधवारपासून सभेच्या इतिवृत्तातही,
धाकटा दीर