सहा कपांवर टिकलेला मुक्काम

नोएडा, १२ डिसेंबर २००३

तीर्थस्वरूप हेमलताताईंना नमस्कार.

गुडघे कसे आहेत? विजया जाऊन सहा महिने झाले, धाकटी बहीण म्हणून तुम्हालाही जड जात असेल. मी ठीक आहे. (क्षिप्रालाही रोज फोनवर हेच सांगतो.) तिचं म्हणणं, "बाबा, या थंडीत एकदा जरी आजारी पडलात ना, तर बॅग भरायची आणि गुडगावला यायचं. बिल्कुल ऐकणार नाही." मला हे घर सोडायचं नाही. पण मुलीशी वाद घालणं हे काम विजयाचं होतं.

तेवढ्यात पेपरात आलं, की चहातल्या कसल्याशा द्रव्याने रक्तातल्या लढाऊ पेशी जाग्या होतात आणि जंतूंवर जोरात तुटून पडतात. काही लोकांना रोज पाच-सहा कप पाजून पाहिलं म्हणे. मी लगेच सहा कप सुरू करायचं ठरवलं. अडचण एवढीच, की चौतीस वर्षं मी चहा फक्त प्यायलो होतो, केला कधीच नव्हता. पहिल्याच दिवशी शेजारच्या खुरानाबाई भेटायला आल्या. मी चहाच्या डब्यातली पूड घालून उकळी काढली, दूध-साखर घातली. (तुमचा गोडा मसाला चहाच्या जुन्या डब्यात असतो, हे विजयाने सांगायचं राहिलं.) बाईंनी घोट घेतला आणि डोळे पुसले. मला वाटलं, विजयाच्या आठवणीने. मग त्या सात वेळा शिंकल्या. "भाईसाहब, आपकी मराठी चाय में बड़ी जान है! पंद्रह दिन की बंद नाक खुल गई!" मी अभिमानाने पेपरातलं कात्रण दाखवलं, आणि मग माझा कप तोंडाला लावला. विचारपूस करायला आलेल्या बाईला आमटी पाजली हे कोणत्या तोंडाने सांगणार? आता त्या रोज चार वाजता येतात. त्यांना तुमचा मसाला, मला साधा चहा.

त्यांनी फोनवर क्षिप्राकडेही कौतुक केलं. ती म्हणाली, "कसला चहा, बाबा?" आणि आता रविवारी, अठ्ठावीसला, प्यायला येते आहे.

आपला,
सूर्यकांत

ता. क. मसाला संपत आला आहे.

ता. क. २ – परवापासून मला सर्दी-ताप आहे. चहाचा दोष नाही, सहाही कप मी थंडीत बाल्कनीत उभा राहून प्यायलो. अठ्ठावीसच्या आत याल का? तुम्ही घरात असलात तर क्षिप्रा मला नेणार नाही. गुडगावचं घर चांगलं आहे, लिफ्टसुद्धा आहे. पण इथला भाजीवाला अजून "ये आंटीजी की" म्हणत चार मिरच्या जास्त टाकतो. तिथे विजयाला कोण ओळखतं?