तेविसावी फळी

सोमवार, १० नोव्हेंबर

आज कामावर रुजू झाले. नवी वही घेतली आहे आणि रोज लिहायचं ठरवलंय. गावी, औशात असताना असं दोनदा ठरवून मोडलं होतं.

खोली कुरुळीत, अंबुबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर. खाली त्या एकट्या आणि त्यांची म्हैस. त्यांच्या रानात आता गाड्यांच्या पार्टची कंपनी उभी आहे, तिचा भोंगा आमच्या खिडकीत वाजतो. सकाळी निघताना त्यांनी विचारलं, कोणत्या कंपनीत. फर्निचरची म्हटल्यावर म्हणाल्या, तिथं व्हय. आणि म्हशीकडे वळल्या.

काम अगदी मनासारखं आहे. वस्तू कॉम्प्युटरवर उभी करायची, मग तिचे सगळे भाग सुटे करून दाखवायचे, जणू कुणी फुंकर घालून त्यांना एकमेकांपासून लांब केलंय. प्रत्येक भागापासून एक रेघ, रेघेच्या टोकाला गोल, गोलात नंबर. बाजूला तक्ता: नाव, लांबी, रुंदी, जाडी, नग. तो कागद खाली शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये गेला की त्याबरहुकूम कापायचं आणि जोडायचं.

मालकांचे चिरंजीव रविराज साहेब सगळं बघतात. वय पस्तिशीचं असेल, बोलणं मऊ. पहिलं काम त्यांनी भिंतीतल्या पलंगाचं दिलं. दिवसा हा पलंग उशाकडच्या बिजागरीवर उभा होऊन कपाटात जातो, बाहेरून नुसतं कपाट दिसतं. दोन्ही बाजूंना दाबलेला गॅस भरलेले दांडे आहेत, ते पलंग उचलतात. एका बोटाने उघडतो आणि एका बोटाने बंद होतो. भाग बावीस. आधीच्या ड्राफ्ट्समनची फाइल आहे, ती नीट करून द्यायची. शुक्रवारी, एकवीस तारखेला तपासणीला सरकारी माणूस येणार आहे.

बाबांना फोन केला. त्यांनी निम्म्या गल्लीला सांगितलंही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शॉपमध्ये गेले. सुपरवायझर बबनराव पाटी वाचावी तसे माझ्याकडे बघतात. वरून खालपर्यंत, एकदा. लेडीज टॉयलेटची किल्ली मागितली तर म्हणाले, हरवली आहे. किल्ली त्यांच्या कमरेच्या जुडग्यात होती, तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी मला वाचता येत होती.

दुपारी डबा उघडला तर भाजीवर लाकडाचा भुसा. वाऱ्याने आला म्हणावं, तर झाकण बंद होतं.

पलंग जोडणारा फिटर दादू, पन्नाशीचा. त्याला विचारलं, आधीचे ड्राफ्ट्समन कुठे गेले. तो म्हणाला, तुमी कागूद काढा मॅडम, आमाला इचारू नका. आणि ड्रिल मशीन चालू केलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज सॅम्पल रूममधल्या खऱ्या पलंगाशी ड्रॉइंग ताडून पाहिलं. खोली माझ्या टेबलाला लागूनच, मध्ये काच. पलंग खाली पाडला, एकेक भाग मोजला, तक्त्यात टिक केली.

एक भाग जास्त आहे.

कपाटाच्या पाठीवर, म्हणजे पलंग उभा राहिला की गादीसमोर येणारी जी फळी, तिच्यावर अजून एक फळी बसवली आहे. सहा मिलीमीटरचं प्लाय, घाईत कापलेलं, कडा खरबरीत. चौदा स्क्रू. ड्रॉइंगमध्ये ती नाही, कुठल्याच जुन्या फाइलमध्ये नाही. बावीसच्या बावीस भागांना काहीतरी काम आहे. या तेविसाव्याला काहीच नाही.

बबनरावांना विचारलं. ते म्हणाले, नव्या माणसाने मोजायचं तेवढं मोजावं.

माझ्या टेपचं टोक कुणीतरी वाकवून ठेवलं होतं. सगळी मापं तीन मिलीमीटरने चुकली. उद्या गुरुवार, सुट्टी. बरं झालं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

अंबुबाईंनी चहाला खाली बोलावलं आणि सांगितलं. न सांगता त्यांना राहवत नव्हतं.

आधीच्या ड्राफ्ट्समनचं नाव नदीम. थेरगावचा. वीस ऑक्टोबरला दुपारी दिवाळीची सुट्टी झाली, सगळे गेले. त्याला एक माप घ्यायचं राहिलं होतं म्हणून तो पलंगावर चढून उशाकडे सरकला. उशाकडे वजन गेलं की पायाकडची बाजू हलकी होते, आणि दांडे जोरकस. फोन टेबलावर राहिला होता. बायको गेटवर आली तर वॉचमन म्हणाला, आत कुणी न्हाई, कुलूप हाय. पंचवीस तारखेला फॅक्टरी उघडली तेव्हा वासावरून कळलं.

पाच दिस त्यो त्या कपाटात उभा व्हता बाई, असं अंबुबाई म्हणाल्या. बसाया न्हाई, वळाया न्हाई. पोलिसांनी अपघात म्हणून लिहिलं.

चहा तसाच राहिला. काल मी त्याच गादीवर गुडघे टेकून मापं घेतली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रविराज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. म्हणाले, ड्रॉइंगमध्ये एक दुरुस्ती आहे. सतरा नंबरवर लॉक प्लेट दाखवायची. पलंग खाली असताना ती त्याला खालीच धरून ठेवते, सोडवल्याशिवाय उठू देत नाही. तारीख मात्र तीन सप्टेंबरची टाकायची.

फाइलचा इतिहास मी उघडून पाहिला होता. प्लेट नदीमने काढली होती, तीन सप्टेंबरलाच. बाजूला त्याची नोंद होती: साहेबांच्या सांगण्यावरून १७ वगळला, एका बोटाने उघडत नाही म्हणून, मला हे मान्य नाही. हे मी साहेबांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, ती नोंद आता तिथे नाही, बघा. तुम्ही हुशार आहात, औशाला परत जाऊन काय करणार.

मी प्लेट काढली. नव्वद बाय चाळीस, जाडी तीन, दोन भोकं. रेघ, गोल, सतरा. तारीख तीन सप्टेंबर. ‘तपासले’ या रकान्यात नदीमची सही जशीच्या तशी चिकटवली. बावीस भागांचे तेवीस झाले.

बाबांचा फोन आला. सगळं छान आहे म्हटलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आता कळलं तो कागद कशाला हवा होता. ड्रॉइंगमध्ये प्लेट होती, फिटरने बसवली नाही, म्हणून दादूला घरी बसवलं. पोलिसांतही नाव जाणार म्हणतात. पस्तीस माणसं काम थांबवून माझ्याकडे बघत उभी होती. दादू जाताना माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, मॅडम, प्लेट मला दावा तरी कशी व्हती ती, म्या बघितली न्हाई कंदी.

गेटबाहेर साबिया भेटली, नदीमची बायको. ती रोज येते, वॉचमन हाकलतो. माझ्या गळ्यातलं कार्ड बघून तिने माझा हात धरला. तिचं एकच विचारणं: त्यांनी काही लिहून ठेवलं का. ते कुठेही लिहायचे, हातावर, भिंतीवर, दुधाच्या पिशवीवर. पेन्सिल कायम कानावर. मय्यत ताब्यात दिली तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटं काळी होती, शिशाने, पार नखांपर्यंत.

मला ती फळी आठवली. हात सोडवून घेतला.

रविवार, १६ नोव्हेंबर

फळी फुगली आहे. बुधवारी पाठीला घट्ट चिकटलेली होती, आज मधोमध अकरा मिलीमीटर पुढे. नवीन टेपने मोजलं, मग स्टीलच्या पट्टीने.

प्लाय ओलीने फुगतं. पण हात लावला तर कोरडी. आणि कोमट.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सतरा मिलीमीटर.

सकाळी साडेअकराला टेबलावर असताना काचेपलीकडून आवाज आला. बारीक, करकर करणारा, थांबून थांबून. शाळेत सगळ्या वर्गाने एकदम शुद्धलेखन लिहावं तसा. खोलीत कुणी नव्हतं. पलंग बंद होता. बबनराव मागे येऊन उभे राहिले, त्यांनाही ऐकू येत होतं, त्यांच्या मानेवर घाम दिसत होता. म्हणाले, उंदीर. मग म्हणाले, परत त्या खोलीत गेलीस तर बघ. पहिल्यांदाच अगं-तुगं केलं.

खोलीवर आले तर कुणीतरी दारावर खडूने सतरा लिहून गोल काढला होता. अंबुबाई पुसत होत्या. म्हणाल्या, काय केलंस गं बाई तू.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

साहेबांना सांगितलं. प्लेट मी चौदा नोव्हेंबरला काढली, हे शुक्रवारी तपासणीला येणाऱ्या माणसाला सांगणार. दादूचं नाव मागे घ्या.

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. पाणी दिलं. म्हणाले, तुमची मर्जी. फक्त उद्या शेवटची मापं घेऊन टाका, परवा सुट्टी आहे. बबनराव खोली उघडून देतील.

त्यानंतर बबनराव माझ्याशी चांगले वागले. लेडीज टॉयलेटची किल्ली आणून टेबलावर ठेवली.

साबियाला फोन केला. उद्या चारला गेटवर ये म्हटलं. त्या फळीमागे काय आहे ते मी बघणार आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दुपारी अडीच. सॅम्पल रूम. वही मापांसाठी म्हणून आणली. स्क्रू ड्रायव्हर ओढणीत.

फळी आता चाळीस मिलीमीटर पुढे आहे. पलंगावर चढल्याशिवाय वरच्या स्क्रूंना हात पोचत नाही. पायाकडे वजनाला खुर्ची ठेवून चढले आहे.

बारा स्क्रू निघाले. शेवटचे दोन आपोआप सुटले. फळी माझ्या अंगावर आली, हलकीच, कुणीतरी पलीकडून हातात द्यावी तशी.

मागे अक्षरं. सगळी पाठ भरून, पेन्सिलीने, अंधारात लिहिलेली, एकावर एक चढलेली.

दिवस पहिला. हाका मारल्या. वॉचमनचा रेडिओ ऐकू येतो, त्याला मी नाही.
सतरा नंबर साहेबांनी काढायला लावला. दादूचा दोष नाही.
दिवस दुसरा. साबिया गेटवर आली होती. आवाज ओळखला.
दिवस तिसरा. श्वास घ्यायला एकशे नव्वद मिलीमीटर.

हे साहेबांनी पाहिलं आणि प्लायने झाकलं. पोलीस यायच्या आधी.

मला फोटो — फोन टेबलावर. काचेपलीकडे दिसतोय. आणते.

पावणेतीन

दाराला बाहेरून कुलूप. बबनराव काचेपलीकडे उभे होते. मी काच बडवली. त्यांनी घड्याळ बघितलं, दिवे घालवले, रोजच्यासारखे. साहेबांनी आज सगळ्यांना अडीचलाच सोडलंय, शॉपचं शटर पडलं. काच जाड आहे. पायाकडची खुर्ची उचलून मारून पाहिली, स्क्रू ड्रायव्हर मारून पाहिला.

साबिया चारला येईल. वॉचमन सांगेल, आत कुणी नाही.

परत पलंगावर येऊन बसले. वरच्या झरोक्यातून ऊन येतंय, कपाटाच्या उघड्या पाठीवर. मघाशी दिसली नव्हती अशी अक्षरं आता दिसतात. तिसऱ्या दिवसानंतरही लिहिलंय. चौथा. पाचवा. अक्षर तेच. सहावा — सहाव्याला त्याला बाहेर काढलं होतं, तो नव्हता — सातवा, दहावा —

दिवस बाविसावा. नवीन बाई आली. तिला मोजता येतं.
दिवस सव्विसावा. तिने माझी सही केली.

वीस ऑक्टोबरपासून बोटांवर मोजलं. आज एकतिसावा.

तीन वाजून दहा

भोंगा झाला, समोरच्या कंपनीचा. ओरडले. माझा फोन उजळला. साबिया. वाजला, थांबला, परत वाजला.

पेन्सिलीचा आवाज येतोय. उंदीर नाही. माझ्या डोळ्यांसमोर, खालच्या कोपऱ्यात, अक्षर उमटतंय, शिशाची भुकटी गादीवर —

दिवस एकतिसावा. आज दोघं.

मी वाचायला वाकले. उशाकडे. वाकायला नको होतं —

पायाकडची बाजू वीतभर वर आली आहे. सरकायला बघते, गादीच माझ्याकडे —

लॉक प्लेट. तपासणीसाठी सॅम्पलला तरी आता बसवली असेल म्हणून हाताने चाचपलं. दोन भोकं आहेत. रिकामी. कागदावर सतरा आहे, तीन सप्टेंबरपासून आहे, मी स्वतः —