आमच्या गच्चीवरचं फिरतं पॅनेल

५ जानेवारी, रविवार
सोसायटीचा पंप सोलरवर चालवायचा ठराव मंजूर! सेक्रेटरी झाल्यापासूनचं माझं पहिलं मोठं काम. आता एकच प्रश्न: फिक्स पॅनेल की ट्रॅकिंग? फिक्स दक्षिणेकडे तोंड करून बसून राहतं. ट्रॅकिंग सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळत जातं. माझा निर्णय झालेला आहे. नीलम म्हणाली, तुला एका जागी बसणारं काही आवडतच नाही, सोफासुद्धा सारखा हलवतोस. बायकोकडून कौतुक क्वचितच होतं.

११ जानेवारी
सोलर कंपनीची इंजिनीअर आली, शीतल नावाची. म्हणाली, मोकळ्या शेतात ट्रॅकिंग मस्त, पंप सकाळी लवकर सुरू होतो आणि उशिरापर्यंत चालतो. पण तुमच्या पूर्वेला नवा टॉवर, पश्चिमेला डोंगर. ऊन मिळतं ते दुपारचंच, तेवढ्यात फिक्सवरही टाकी भरेल. शिवाय फिरणारी वस्तू बिघडते.
हुशार मुलगी, पण व्हिजन नाही. भांडुपमध्ये राहून भांडुपपुरताच विचार करायचा का?

१२ जानेवारी
रात्रभर झोप नाही. सारखा कूस बदलत होतो. नीलम म्हणाली, आता तूच ट्रॅकिंग कर आणि हॉलमध्ये जाऊन झोप.

१९ जानेवारी, रविवार
मीटिंग. खजिनदार शर्मिष्ठा फिक्सच्या बाजूने. हट्टी बाई. मी उभं राहून, हात पसरून, स्वतःभोवती हळूहळू वळत ट्रॅकिंग समजावलं. चहाचा ट्रे पडला, पण मुद्दा पोचला. ट्रॅकिंग पास! शर्मिष्ठा म्हणाली, घे बाबा, पण बिघडलं तर तू बघायचंस. आनंदाने, म्हटलं.

८ फेब्रुवारी
शीतलने नम्रपणे नकार दिला. मुलुंडचा विकी तयार झाला. दर वाक्यानंतर ‘हो जाएगा साहेब’ म्हणतो. असा पॉझिटिव्ह माणूस हवा.

१५ फेब्रुवारी
ट्रॅकर बसला. झकास! जुनी विजेची मोटर भंगारात दिली. पर्याय हाताशी असला की माणसं ढिली पडतात. शर्मिष्ठा काहीतरी बोलली, पण तोपर्यंत टेम्पो निघाला होता.

१६ फेब्रुवारी, रविवार
पहाटेच गच्चीवर. पॅनेल मान उंचावून पूर्वेकडे बघतंय. समोर टॉवरची भिंत. पाणी नाही. धीर धरायला हवा.
दुपारी पंप चालला. टाकी भरली. मी सर्वांना मेसेज टाकला. शर्मिष्ठाने उत्तर पाठवलं की दुपारी फिक्सवरही भरली असती. मी ग्रुप म्यूट केला.

२६ फेब्रुवारी
रोज चार-पाचदा गच्चीवर जातो. ऑफिसची मीटिंगही तिथूनच. बॉसने विचारलं, मागे कावळे का ओरडतायत? फ्रेश एअर, म्हटलं. पॅनेल वळताना हल्ली कण्हतं. नव्या वस्तूला रुळायला वेळ लागतोच.

८ मार्च
ट्रॅकरची वाट लागली. पूर्वेकडे तोंड करून अडकलाय, टॉवरकडे टक लावून. विकीचा फोन बंद. संध्याकाळी सगळ्यांचे नळ कोरडे. चौथ्या मजल्यावरच्या शुभाताई, सत्तरी ओलांडलेल्या, तळटाकीवर बादली घेऊन उभ्या. मी ती त्यांच्या हातातून घेतली. म्हणाल्या, तू एवढी धावपळ करतोस रे, मग पाणी का येत नाही? त्यांना टेक्निकल समजावता येत नाही.
उद्या दुसऱ्या मजल्यावरच्या प्रबुद्धच्या मुलीचं बारसं. पाहुणे भरपूर. काहीतरी करतोच.

९ मार्च, रविवार
केलं! नट ढिले करून पॅनेल हाताने वळवलं. आता ते मोकळं झालंय, सोडलं की वाऱ्याने फिरतं. म्हणून मीच धरून उभा राहिलो. पंप सुरू. ट्रॅकिंगचं तत्त्व शंभर टक्के सिद्ध.
खालून बुद्धवंदना ऐकू आली, मग हसणं, मग ताटांचा आवाज. मला हलता येईना. प्रबुद्ध स्वतः ताट घेऊन वर आला. म्हणाला, दादा, पाहुण्यांचे हात धुवून झाले, सोड ना ते. मुलीला बघायला तरी खाली ये. म्हटलं, टाकी भरली की येतो. मग त्यानेच घास करून मला भरवला.
टाकी भरेपर्यंत मुलगी झोपली होती. नाव विचारायचं राहिलं.

१६ मार्च, रविवार
तातडीची मीटिंग. शीतलला बोलावलं होतं. तिने पॅनेल दक्षिणेकडे कलतं करून वेल्डरकडून फ्रेम कायमची पक्की करून घेतली. ‘मी सांगितलं होतं’ असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर उत्तर तयार होतं.
सेक्रेटरी आता शर्मिष्ठा. माझी तब्येत बघून मला विश्रांती दिली, असं ठरावात आहे.

१८ मार्च
दुपारी गच्चीवर गेलो. पॅनेल गप्प बसलं होतं. पंप चालू होता. टाकी काठोकाठ. नट तपासले, घट्ट होते. पाइपला हात लावून पाहिला, पाणी वर चढत होतं.
करण्यासारखं काही नव्हतं. थोडा वेळ उभा राहिलो. खाली आलो.